पत्री कोणी खुडली?

श्रावणाची अखेर आली, पोळा झाला, की घराघरांतून भाद्रपदाची चाहूल लागू लागते. माळ्यावरचे चौरंग खाली येतात, समया आणि निरांजने चिंच लावून उजळली जातात आणि हरतालिकेच्या आदल्या दिवसापासून बाजाराला उधाण येते. त्या बाजारात आता सर्व काही तयार मिळते. मखर तयार, कंठी तयार, वाती तयार, मोदक तयार. इतकेच काय, पूजेला लागणाऱ्या एकवीस पत्रींची दोऱ्याने बांधलेली जुडीही तयार मिळते. ती पिशवीतून घरी आणावी, पाण्यात बुडवून ताम्हनात ठेवावी, की काम संपले.

अशीच एक जुडी २०१९ साली आमच्या पुण्याच्या घरी आली होती. पूजेला चिरंजीव बसले होते. पोथीतील पत्रीपूजा सुरू झाली. सुमुख या नामाला मालती, गणाधिप या नामाला माका, उमापुत्र या नामाला बेल असा क्रम चालला असता, शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, यातला माका कोणता?” मी जुडी उलगडली. तीत अशोकाचे डहाळे होते, पेरूसारखी काही पाने होती, दोन-तीन पाने कसली होती ते मला उमगले नाही. माका मात्र नव्हता. पूजा खोळंबू नये म्हणून मी एक पान उचलून तिच्या हाती दिले आणि म्हणालो, “हाच.” पुढे अठरा नामे झाली आणि आम्ही अठरा वेळा अशीच पाने वाहिली. देवापुढे बसून नातीशी खोटे बोललो, ही रुखरुख त्या दिवशी मोदकाच्या घासालाही लागून राहिली.

या लेखाचे निमित्त ती रुखरुख आहे. पान चुकले म्हणून गणराय कोपला असेल असे मी मानत नाही. भाव तेथे देव ही आपली शिकवण आहे आणि ती खरी आहे. परंतु भाव उपजण्यासाठीही काही करावे लागते. ज्या पानाचे नाव ठाऊक नाही, जे कोठे उगवते ते पाहिले नाही आणि जे आपल्या हाताने खुडले नाही, ते वाहताना मनात कोणता भाव यावा? आपल्या पूर्वजांनी पत्रीपूजेत एकेका पानाचे नाव उच्चारावयास सांगितले. ते नाव उच्चारणाऱ्याला पान ओळखता येते, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. म्हणजे पूजेला आरंभ चौरंगापाशी होत नाही. तो आदल्या दिवशी, ओल्या बांधावर, मुलाबाळांना बरोबर घेऊन पाने शोधीत हिंडताना होतो.

एकवीस पत्रींची परंपरागत यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. मालती, माका, बेल, पांढऱ्या दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि अगस्ती, म्हणजे आपला हादगा. या यादीत राजोद्यानातील दुर्मिळ झाडे फारशी नाहीत. दूर्वा पायांखाली असतात, आघाडा कुंपणाशी, रुई उकिरड्याकडेला, माका पाटाच्या ओलीत. अर्जुन नदीकाठी भेटतो, केवडा समुद्राकडे, तर डाळिंब आणि तुळस परसात. ज्याला ही पाने जमवावयाची आहेत, त्याला परसापासून नदीपर्यंत सारा गाव पायांखाली घालावा लागतो. आणि दिवस कोणते? चार महिन्यांच्या पावसातले ते दिवस, जेव्हा प्रत्येक रोप आपल्या भरात असते. सण आणि सृष्टी यांची इतकी सुरेख गाठ ज्यांनी घातली, त्यांना कुटुंबाने घराबाहेर पडावे हे नक्कीच अभिप्रेत असले पाहिजे.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. हरतालिकेच्या दिवशी दुपारी काका आम्हां भावंडांना घेऊन पत्रीला निघत. आघाड्याचे तुरे धोतराला चिकटत आणि घरी आल्यावर ते वेचून काढणे हा एक वेगळाच उद्योग होई. डोरलीच्या पानावरही काटे असतात, हे पुस्तकात वाचून नव्हे तर बोटाला टोचून कळले. रुईचा चीक डोळ्याला लागू द्यावयाचा नाही, धोत्र्याचा कोणताही भाग तोंडात घालावयाचा नाही, माक्याचे पान चुरगळले की बोटे काळी होतात, ही सारी विद्या त्या एका दुपारी मिळे. बेलाचे पान त्रिदळ असावे, दूर्वांचे कोवळे अंकुर घ्यावे, तुळस एरवी गणपतीला वाहत नाहीत परंतु या एका दिवशी वाहतात, हेही चालता चालताच कळे. वनस्पतिशास्त्र, आरोग्य आणि धर्म यांचे तास तेथे वेगवेगळे नव्हते. काका शिकवीत आहेत असे आम्हांला कधी वाटले नाही आणि आपण शिकवीत आहोत असे काकांनाही वाटत नसावे.

कोकणातून खाली उतरत गोमंतकात गेले म्हणजे हाच प्रकार अधिक वैभवाने पाहावयास मिळतो. तेथे गणपतीच्या मस्तकावर लाकडी चौकट टांगून तिला फळाफुलांनी मढवितात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात, सिंधुदुर्गात माटवी. नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, चिबूड, तोरिंजन, आंबाडे ही परसातील आणि बागेतील फळे तर तीत असतातच; पण लालभडक कवंडाळासारखी, माणसाने न खावयाची, केवळ रानात मिळणारी फळेही असतात. ती आणण्यासाठी घरातील माणसे रानात जातात. कोणत्या उतारावर काय पिकते, हे वडील मुलांना दाखवितात. गोवा शासनाचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते आणि शेकडो प्रकारच्या वनस्पती हुडकून माटोळी सजविणारी घरे त्यांत उतरतात. अशा घरातील पोराला आपल्या रानाची ओळख करून देण्यासाठी वेगळी सहल काढावी लागत नाही.

गोमंतकाचाच आणखी एक दाखला येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथील काही घराण्यांत आजही मातीची मूर्ती आणीत नाहीत. कागदावर रेखाटलेल्या गणपतीची किंवा पत्रीच्या गणपतीची पूजा करतात. १५६० साली गोव्यात पोर्तुगीजांच्या धर्मन्यायासनाचा अंमल सुरू झाला. त्या कठीण काळात उघडपणे मूर्ती पुजणे अशक्य झाले, तेव्हा घरच्या घरी, पानांतून आणि कागदावर देव साकारून पूजा चालू ठेवली गेली, असे त्या घराण्यांतील परंपरा सांगते. यातून कोणाविषयी आकस धरावयाचा नाही. तो काळ गेला. शिकावयाचे ते एवढेच, की जो देव घरातल्या माणसांना आपल्या हातांनी घडविता येत होता, तो त्यांच्यापासून कोणालाही हिरावून घेता आला नाही. बाजार बंद झाला म्हणून त्यांचा सण बंद पडला नाही.

बाजार बंद होण्याचा अल्पसा अनुभव आपणां सर्वांनाही येऊन गेला आहे. २०२० साली साथीच्या दिवसांत महाराष्ट्र शासनाने घरगुती मूर्ती दोन फुटांहून उंच नसावी आणि उत्सव साधेपणाने व्हावा, असे सांगितले होते. त्या वर्षी आमचे गावी जाणे झाले नाही, भटजींचे येणे झाले नाही आणि बाजारात जाण्याचे धाडस घरातल्यांनी मला करू दिले नाही. चिरंजिवांनी कोठून तरी शाडूची माती मिळविली. सूनबाईंनी ती भिजवून, मळून, लोण्यासारखी मऊ केली. मूर्ती घडवावयास नात बसली आणि तिच्या हाताखाली आम्ही तिघे. सोंड तीनदा गळून पडली. मग हात आणि सोंड यांच्या आत बारीक काडी घालावी, हे आम्हांला सुचले. मूर्ती उन्हात ठेवली असता कानाला तडा गेला. तेव्हा माती सावलीत, सावकाश वाळवावी लागते, हेही समजले. अखेरीस जी मूर्ती झाली, तिचा एक कान दुसऱ्याहून मोठा होता आणि पोट किंचित एका अंगाला झुकले होते. परंतु तिच्याकडे पाहून घरातील एकाही माणसाला ‘यापेक्षा विकतची बरी’ असे वाटले नाही.

वास्तविक यात नवे काहीच नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या व्रताला पार्थिव गणेशपूजन म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. मातीतून घडवावा, प्राणप्रतिष्ठा करून पुजावा आणि पुन्हा पाण्यात विरघळवावा, हेच या व्रताचे स्वरूप आहे. न विरघळणाऱ्या मूर्तींनी नद्या-तलावांची दैना केली, तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लॅस्टर ऑफ पॅरिस टाळावयास व नैसर्गिक माती वापरावयास सांगितले. जे व्रताच्या नावातच आहे, ते शासकीय मंडळाला आठवून द्यावे लागले. आमची मूर्ती आम्ही घंगाळात विसर्जित केली. सकाळी तळाशी गाळ बसला होता. नातीने तो कापडावर काढून वाळविला आणि डब्यात भरून ठेवला. २०२१ सालचा गणपती त्याच मातीचा झाला.

पत्रीलाही त्या वर्षी आम्हीच गेलो. शहरात कोठली मिळावयाची, असे मला वाटले होते. आमच्या इमारतीमागील पडीक जागेत आणि शेजाऱ्यांच्या अंगणांत मिळून दूर्वा, आघाडा, माका, धोत्रा, रुई, तुळस, पिंपळ, बोर, डाळिंब, कण्हेर आणि जाई अशी अकरा पाने मिळाली. देवदार तर हिमालयातला. तो आपल्याकडे मिळावयाचा नाही हे उघडच आहे. जे मिळाले नाही त्याच्या ठिकाणी अक्षता वाहाव्यात अशी आपल्याकडे सोय आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. ‘हे माझ्यापाशी नाही’ असे देवाला सरळ सांगण्याची मुभा शास्त्राने दिली आहे. अकरा पाने आणि दहा वेळा अक्षता, अशी आमची पूजा झाली. माक्याचे नाव आले, तेव्हा नातीने माझ्याकडे पाहिले आणि स्वतः वेचलेले पान वाहिले. एका वर्षाचे माझे ऋण त्या क्षणी फिटले.

येथवर वाचून काही गृहिणी मनात म्हणत असतील, की आजोबांना बोलावयास काय जाते! त्यांचे म्हणणे मी डावलू इच्छीत नाही. किंबहुना या विषयातील खरी गोष्ट तीच आहे.

गावच्या ज्या उत्सवाचे मी इतक्या कौतुकाने वर्णन केले, त्यात माझी आई कोठे होती? ती पहाटे तीनला उठलेली असे. सोवळ्याने स्वयंपाक, उकड काढणे, नारळ खवणे, शंभरावर मोदक वळणे, पाहुण्यांच्या पंक्ती आणि त्यानंतर भांडी. आम्ही टोपलीभर पत्री आणून ओसरीवर ओतीत असू आणि आपले काम झाले म्हणून खेळावयास पळत असू. ती निवडणे, धुणे, पानांचे एकवीस वाटे लावणे हे आईकडेच. आरती चालू असताना ती देवासमोर उभी आहे, असे चित्र माझ्या स्मरणात नाही. तिच्या हाताला तेव्हा मोदकपात्राचे झाकण असे. पुढे माझ्या संसारातही तेच झाले. एके वर्षी गौरीजेवणाच्या संध्याकाळी सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “तुमचा सण होतो, माझे काम होते.” त्यावर मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच आमच्या घरी तयार पत्री आणि तयार मोदक येऊ लागले.

म्हणून, तयार वस्तू आणणाऱ्या घरांना नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. त्या जुडीत आळस नसतो, पुष्कळदा थकवा असतो. सकाळी नोकरीवर जाऊन संध्याकाळी घर सांभाळणाऱ्या सुनेने आणखी एकवीस मोदक वळावेत आणि त्यास आम्ही ‘परंपरेचा आनंद’ म्हणावे, हा न्याय नव्हे. जो आनंद घरातील एकाच माणसाच्या कंबरेवर तोलला जातो, तो फार काळ टिकत नाही. आणि टिकला नाही, तर दोष त्या माणसाचा नसतो. आपल्या घरांतून हातांनी सण साजरा करण्याची रीत उठत चालली आहे, तिचे कारण बाजारात शोधण्यापूर्वी आपण ते आपल्या ओसरीवर शोधले पाहिजे. काम वाटून घेतले असते, तर आनंदही वाटला गेला असता.

२०२० साली आमच्याकडे जे घडले, त्याचे मर्म शाडूच्या मातीत नव्हते. त्या दिवशी नारळ चिरंजिवांनी खवला. उकडीला पिठाइतके पाणी आणि चिमूटभर मीठ लागते, हे मी वयाच्या सत्तराव्या वर्षी शिकलो. माझ्या मोदकाला पाच कळ्या पडल्या आणि त्याही उकडताना मिटल्या. नातीच्या मोदकाला नऊ पडल्या. सौभाग्यवती खुर्चीवर बसून सांगत होत्या आणि हसत होत्या. आरतीच्या वेळी घरातले प्रत्येक माणूस देवासमोर होते. इतक्या वर्षांत प्रथमच टाळ सौभाग्यवतींच्या हाती होते.

आणखी एक शंका रास्त आहे. प्रत्येक कुटुंब पाने तोडावयास निघाले, तर रानांचे आणि टेकड्यांचे काय व्हावे? बाजारात येणाऱ्या गाड्याभर पत्रीसाठी डहाळ्याच्या डहाळ्या ओरबाडल्या जातात, हे दृश्य आपण पाहतोच. परंतु पूजेला पान लागते, फांदी लागत नाही. ज्याला एकच पान वाहावयाचे आहे, त्याने एकच खुडावे. झाडाला हात लावण्यापूर्वी जुन्या लोकांप्रमाणे नमस्कार करावा. दुर्मिळ झाड दिसले तर मुलांना दाखवून तसेच पुढे जावे आणि घरी अक्षता वाहाव्यात. तुळस, मरवा, जाई, डाळिंब यांना तर सज्जातील कुंडीही पुरते. पत्रीपूजेने मुलाला झाडाची ओळख व्हावी. त्याच पूजेने झाड नाहीसे झाले तर ती कसली पूजा?

सण वर्षातून एकदा येतो, घर मात्र रोजचे असते. हातांनी करण्याची ही गोडी चतुर्थीपुरती राहिली, तर तीही मखराबरोबर माळ्यावर जाईल. खरे तर आपल्या रोजच्या दिनक्रमातच तिला जागा ठेवलेली आहे. संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी बाहेर बसून दोघांनी मिळून फुलवाती वळाव्यात. उंबऱ्यावरच्या चार बोटे जागेत आज आईने रांगोळी घालावी, उद्या मुलाने. देवाच्या फुलांसाठी सकाळी आजोबांनी नातवंडांना घेऊन एक फेरी मारावी आणि ओळखीच्या झाडांत महिन्याला एकाची भर घालावी. रविवारी घरातल्या पुरुषांनी स्वयंपाकघर हाती घ्यावे. यांतील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही आणि वेळही अर्ध्या घटकेहून फारसा लागत नाही. मुलांच्या स्मरणात पुढे काय राहील याचा आपण अंदाज करू शकत नाही. पण काकांनी दाखविलेला आघाडा माझ्या स्मरणात साठ वर्षे राहिला आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो.

यंदा एकवीसही पाने घरानेच जमवावीत, असा माझा आग्रह नाही. पाच जमवावीत. दूर्वा, तुळस, आघाडा, रुई, पिंपळ ही कोणत्याही गावात, शहरातही सापडतील. पाचही जणांनी मिळून जावे. घरी येऊन ती ज्याने आणली त्यानेच धुवावीत. मोदक विकतचे असले तरी चालतील, परंतु घरचा एक तरी असावा, आणि तो आजवर ज्याने कधी वळला नाही त्याने वळलेला असावा. आणि आरती सुरू करण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. स्वयंपाकघरात कोणी राहिले असेल, तर त्यांना हाक मारावी आणि त्या येईपर्यंत थांबावे. विघ्नहर्ता तेवढा वेळ आनंदाने थांबेल.